कोपर, मूठ, हनुवटी

पहाटे जानोरीहून टेम्पो येतो.
वीस-वीस गुलाबांच्या जुड्या, खाकी पुठ्ठ्यात गुंडाळलेल्या,
प्रत्येक कळीच्या डोक्यावर जाळीची टोपी,
बालवाडीची पोरं थंडीत रांगेत उभी असावीत तशी.
मी एकेक टोपी काढते. बोटं बधिर.
निफाडला म्हणे आज पारा पाचावर गेला.

"सगळे काटे नको काढूस," हमीदाआपा म्हणायची,
"पाण्यात जाणारे तेवढे काढ, वरचे राहू दे.
फूल आहे, बाहुली नाही."
भद्रकालीत तिच्या दुकानात
सहा वर्षं मी नुसते देठ कापले,
तिरके, बादलीच्या पाण्याखाली धरून,
म्हणजे आत हवा शिरत नाही.
या शहराला पूर्वी गुलशनाबाद म्हणायचे, ती सांगायची,
आणि हसायची:
"बागा गेल्या, नाव गेलं,
देठ कापायला आपण उरलो."
सातव्या वर्षी तिनं मला टेबल दिलं.

टेबलाचा नियम एकच.
कोपर टेकव, मूठ वळ, मुठीवर हनुवटी ठेव.
फूल त्याच्या वर जाता कामा नये.
माणसं जेवायला येतात,
एकमेकांची तोंडं दिसू देत.

आज गंगापूर रोडच्या हॉलवर एकसष्टी.
अकरा टेबलं, अकरा छोटी घंगाळी,
भांडी बाजारातून भाड्यानं आणलेली,
तौफिकनं रात्री चिंचेनं घासलेली.
हिरवा स्पंज पाण्यावर सोडला.
दाबायचा नाही.
दाबला की वरून ओला दिसतो, पोटात कोरडाच.
त्याचा तो भिजतो, त्याचा तो खाली जातो,
आपण तोवर चहा प्यायचा.

क्षेमकल्याणीबाई आल्या,
एका हातात निऱ्या, दुसऱ्यात यादी.
"पहिलं टेबल उंच कर. एवढं."
आणि हात स्वतःच्या डोक्यावर धरला.
मी नियम सांगितला. त्यांनी ऐकून घेतला.
मग खुर्चीची पाठ पुसत, जरा खालच्या आवाजात:
"समोरासमोर हे आणि भाऊजी आहेत.
बारा वर्षं बोलणं नाही.
ते येणारेत हे यांना कळलं कालच.
निदान घास तरी उतरू दे घशाखाली."

कशावरून, ते मी विचारलं नाही.
फुलवाली मागच्या दारानं येते,
मागच्या दारानं जाते.

कामिनीच्या फांद्या उभ्या खोचल्या,
मागे सायकस, मधे शतावरीचा झुबका,
मग गुलाब, लाल, थोडे उमललेले, बाकी मुके.
दोनदा लांब जाऊन पाहिलं.
छान होतं.
मळ्याला घालतात तसं कुंपण होतं.
अलीकडची खुर्ची होती, पलीकडची नव्हती.

हनुवटीच्या उंचीवरचे दोन गुलाब
मी खोल खोचले नाहीत.
कुणी विचारलं असतं तर
घाई होती म्हणाले असते.

रात्री साडेअकराला आवराआवर.
जिलबीचे तुकडे, चुरगळलेले नॅपकिन,
कुणाचातरी चष्मा.
पहिल्या टेबलावर फुलांत भगदाड,
मूठभर, पलीकडचं दिसेल एवढं,
आणि ते दोन गुलाब
पाण्याच्या ग्लासात ठेवलेले,
वाळू नयेत अशा बेतानं.

"पोरांचे उद्योग," तौफिक म्हणाला, घंगाळी मोजत.
असतील.
पण ग्लासाशेजारी घडी घातलेला नॅपकिन होता,
त्यावर रक्ताचा ठिपका, तिळाएवढा.
वरचा काटा.
पोर असतं तर
सगळ्या हॉलला कळलं असतं.

दहा घंगाळी पोत्यात गेली.
अकरावं मी मांडीवर घेऊन बसले टेम्पोत,
रामवाडीच्या पुलावर थंडी आत येत होती,
स्पंज अजून ओला होता, पार आतपर्यंत.